देस्पिनाचा आवाज

कुमुदताई पायऱ्यांच्या मधोमध थांबल्या आणि त्यांनी चुटकी वाजवली. मी दोन पायऱ्या पुढे होते, वळून खाली आले. गळ्यावरचा सुती रुमाल एका हाताने धरून त्या दुसऱ्या हाताने वहीत लिहीत होत्या. वही दोरीने गळ्यात, पेन्सिल वहीला बांधलेली. लिहून झाल्यावर वही माझ्यापुढे धरली.

"इथंच तू रुसून बसली होतीस. सदतिसावा भाग. चार टेक घेतले तुझे."

"पाच," मी म्हणाले.

त्यांचे खांदे हलले. अकरा महिन्यांपासून त्यांचं हसणं असंच होतं, खांद्यांचं.

आमच्यामागून स्तामातिस येत होता. तो बेटावरचा टॅक्सीवाला. बंदरापासून डोंगरापर्यंत एका ग्रीक मालिकेचं चित्रीकरण जिथे जिथे झालं, ती सगळी ठिकाणं तो लोकांना दाखवायचा. जर्मन, इटालियन असे पुष्कळ लोक त्याच्याकडे येत, पण साडीतल्या दोन बायका त्याला पहिल्यांदाच भेटल्या होत्या. मोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या देशातही ही मालिका लागली?"

"लागली. आमच्या भाषेत लागली. आम्हीच बोललो ती."

त्याला कळेना. मी सांगितलं, इरिनीचा आवाज माझा आणि तिच्या आईचा, देस्पिनाचा, या ताईंचा. त्याने आधी माझ्याकडे, मग कुमुदताईंकडे, त्यांच्या वहीकडे, रुमालाकडे पाहिलं. मग त्याने टोपी काढून हातात घेतली.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली.

कुमुदिनी दहिफळे हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. आवाज मात्र ऐकला असेल. जाहिरातीतल्या सासूचा, कार्टूनमधल्या म्हाताऱ्या घारीचा, माहितीपटातल्या बाईचा. त्या मूळच्या अंबाजोगाईच्या. लग्न केलं नाही. तीस वर्षं मुंबईत आवाजावर जगल्या. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. माझा आवाज गोड, म्हणून मला नायिका मिळायच्या. गोड आवाजाबद्दल कुणी काही बोलत नाही. तो असतो, तेवढंच.

एका वाहिनीने ही ग्रीक मालिका घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'उधाणाचं घर'. गोरेगावच्या एका स्टुडिओत आम्ही ती दोन वर्षं मराठीत बोललो. पहिल्याच दिवशी अडलं. ग्रीक मुलगी आईला हाक मारते "मामा". पडद्यावर तिचे ओठ दोनदा मिटतात, आणि मी आपली "आई" म्हणतेय. "आई"ला ओठ मिटतच नाहीत. आमचे दिग्दर्शक सबनीस डोक्याला हात लावून बसले. "मामा ठेवावं तर पोरगी आईला मामा म्हणते असं होईल!" तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या कुमुदताई म्हणाल्या, "आमच्याकडं माय म्हणतात. म ला ओठ मिटतील. पुढचं मी सांभाळते."

त्यांनी ते सांभाळलं, आणि मलाही. त्या दोन वर्षांत मी त्यांना दिवसातून शंभर वेळा "माय" म्हणाले असेन. खोलीला खिडकी नव्हती. समोरच्या ताटाएवढ्या पडद्यावर हे बेट, हा समुद्र, या पायऱ्या. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना ताई म्हणायच्या, "वैजू, एकदा जाऊन बघायचं हं हे. खरंच आहे की रंगवलेलं आहे ते."

मग त्यांचा आवाज बसायला लागला. आम्ही ज्येष्ठमध आणलं, हळदीचं दूध झालं. त्या खूश होत्या. गोष्टीतली देस्पिनाही आजारी पडत चालली होती, घोगरा आवाज तिला शोभत होता. सबनीस म्हणायचे, "कुमुदताई, अभिनय म्हणजे हा!" एकशे एक्केचाळिसाव्या भागाला त्यांच्या तोंडून शब्दाऐवजी नुसती हवा आली. तपासण्या झाल्या. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून, असं ठरलं. ऑपरेशनला आठ दिवस होते.

त्या आठ दिवसांत मी रोज दवाखान्यात त्यांच्यापाशी असायचे. डॉक्टरांनी बोलू नका सांगितलेलं. पण आवाज थोडा परतला होता, त्या तासन् तास बोलायच्या. अंबाजोगाईची शाळा, वडिलांचं किराणा दुकान, रेडिओवरची पहिली श्रुतिका. मी ऐकत बसायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. "वैजू, माझं एक काम कर. देस्पिना मरते तो भाग लिहून झालाय ना? सबनीसांना म्हणावं, मला आत्ताच करू द्या. चित्र अजून आलं नसलं तरी चालेल, नुसता आवाज घ्या. शेवटचं बोलणं वाया जायला नको."

मी सबनीसांकडे गेले. संध्याकाळी परत येऊन ताईंना सांगितलं, "नाही म्हणाले. चित्राशिवाय ओठ जुळणार नाहीत म्हणतात."

त्यांनी मान हलवली. "खरंय त्यांचं," म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. मालिका पुढे चालली. देस्पिना कोण करतंय, असं ताईंनी नंतर एकदा लिहून विचारलं. मी म्हटलं, "कोल्हापूरची कुणी बाई आणलीय. बरी आहे." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

नऊ महिन्यांनी आजार परतला, तो या वेळी फुप्फुसात. ताईंनी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "आता जाऊ. मग मपल्याच्यानं होणार न्हाई." बोलताना सहसा गावाकडचा शब्द न आणणाऱ्या ताई लिहायला लागल्यापासून पुन्हा अंबाजोगाईच्या झाल्या होत्या. त्यांची भाची प्रणिता, तिकडे कॉलेजात शिकवायची, तिने खूप विरोध केला. शेवटी तीच विमानतळावर सोडायला आली.

आणि आम्ही आलो होतो. ते बेट रंगवलेलं नव्हतं.

पायऱ्यांनंतर स्तामातिसने आम्हाला बेकरीत नेलं. मालिकेत इरिनी तिथे काम करते. खरी बेकरी चालू होती. भट्टीतून तीळ लावलेली पावाची कडी निघत होती, मोठ्या बांगडीएवढी. ताई दारात उभ्या राहिल्या, मग लिहिलं, "मला वास येत न्हाई आता. नाकातून श्वासच न्हाई ना. कसा येतोय सांग."

मी डोळे मिटले. "भोगीला तुम्ही डब्यात बाजरीची भाकरी आणायचात ना, तीळ लावलेली? तसा. फक्त लोणी नाही."

त्यांनी कडं घेतलं, तोडलं, हळूहळू चावत बसल्या. बेकरीवालीने पैसे घेतले नाहीत. स्तामातिसने तिला आमच्याबद्दल सांगितलं असावं. ती काउंटरमागून आली आणि ताईंच्या दोन्ही गालांना गाल लावून गेली. ताईंनी तोंडाने काहीतरी म्हटलं. आवाज नाही, नुसते ओठ. ते "एफखारिस्तो" होतं. धन्यवादाला ग्रीक शब्द काय, हे त्यांना दोन वर्षांच्या मूळ आवाजावरून पाठ होतं.

त्यानंतर चर्च झालं, नायकाची होडी झाली, पोस्टाची बंद इमारत झाली. प्रत्येक ठिकाणी ताई भागाचा आकडा लिहायच्या. मी त्यांना इतकं आनंदी कितीतरी महिन्यांनी पाहत होते.

दुपारी एका झाडाखाली बसलो असताना स्तामातिस मला बाजूला घेऊन म्हणाला, "आता शेवटचं राहिलं. आई मरते ते घर. सगळे तिथेच रडतात."

"ते राहू दे," मी म्हटलं. "बाई आजारी आहेत."

मग ताईंपाशी येऊन मी म्हणाले, "वरच्या घराचा रस्ता खराब आहे म्हणतो. आपण बंदरावर जाऊन कॉफी घेऊ."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. पिशवीतून बेटाचा नकाशा काढला, उठून स्तामातिसकडे गेल्या, त्या घराच्या खुणेवर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. तो भाबडेपणाने म्हणाला, "रस्ता? रस्ता चांगला आहे. पंधरा मिनिटं."

ताई गाडीत जाऊन बसल्या. मीही बसले. वाटेत मी खिडकीबाहेर पाहत होते.

घर डोंगराच्या टोकाशी होतं. पांढऱ्या चुन्याचं. पुढे दगडी ओटा, ओट्याखाली सरळ समुद्र. घरमालकीण काळ्या कपड्यांतली म्हातारी होती. चित्रीकरणवाल्यांनी तिची खुर्ची नेली ती परत दिलीच नाही, असं ती सांगतेय, हे स्तामातिसकडून कळलं. तिने आतून दुसरी आणली, वेताची, ताईंसाठी ओट्यावर ठेवली आणि पाणी आणायला गेली. स्तामातिस गाडीपाशी सिगरेट ओढायला थांबला.

ताई खुर्चीवर बसल्या. वारा होता, म्हणून मी त्यांचा रुमाल नीट केला. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि लिहिलं, "म्हण."

"काय म्हणू?"

"मपली वाक्यं. शेवटची."

"मला कुठली ताई? माझी इरिनीची आठवतात थोडी. ती कोल्हापूरची बाई..."

त्या लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. मी उभीच होते. मग त्यांनी वही माझ्या हातात दिली.

"कोल्हापूरची बाई कशाला आणतीस मधी. वाक्य सुरू करायच्या आधी तुपली जीभ टाळूला लागती. टक् असं होतं. मपली कधी लागली न्हाई. मी दवाखान्यात बघितला तो भाग. वॉर्डात टीव्ही होता. सगळ्या नर्सा रडाल्या होत्या. मी नळी घालून पडलेली अन् वर भिंतीवर मीच बोलाले. पहिल्या वाक्याला टक् आलं. म्हटलं, ही वैजू."

मी वाचून खाली बसले, ओट्याच्या दगडावर.

"तुम्ही मला कधीच का नाही बोललात?"

त्यांनी वही घेतली. "तू लपवत होतीस. मंग मी बी लपवलं. कामून लपवलंस? मी रागावले असते वाटलं? अगं चांगलं केलंस. दुसऱ्या कुणी केलं असतं तर वाईट वाटलं असतं." आणि खाली ओळ मारून, "आता म्हण. मला इथं ऐकायचंय."

मी म्हटलं. दुसरं काय करणार होते? त्यांच्या पायाशी बसून, समुद्राकडे तोंड करून, मी आधी इरिनीचं वाक्य घेतलं. "माय, बोलू नकोस. दमशील."

मग घसा खाली आणला, छातीतून आवाज काढला आणि त्यांचा आवाज माझ्या तोंडून आला. "दमू दे गं. आता राखून कुणासाठी ठेवू? दार उघडं ठेव, इरा. मला घरात नाही मरायचं, उंबऱ्यावर मरायचंय. तुझा बाप या पाण्यावर गेला. चाळीस वर्षं मी या पाण्याशी भांडले. आज मला त्याचा राग येत नाही. एवढंच सांगायचं होतं. फार काही नव्हतं."

मान वर करून पाहिलं तर ताईंचे ओठ हलत होते, माझ्या बरोबरीने, अक्षरा-अक्षराला जुळून. एकही ओठ चुकला नाही. आयुष्यभर त्या दुसऱ्यांच्या ओठांना आवाज जुळवत आल्या होत्या. आता माझ्या आवाजाला ओठ जुळवत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या.

संपल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने लिहिलं.

"लई चांगलं. फक्त 'फार काही नव्हतं' तू रडून म्हणतीस. मी कोरडं म्हटलं असतं. सबनीस त्या टायमाला हो म्हणाले असते तर तुला दाखवलं असतं."

मी ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. तिथे थांबता आलं असतं. त्यांनी मला माफ केलं होतं, डोक्यावर हात ठेवला होता. तीन-चार महिन्यांचं आयुष्य राहिलं होतं. कुणीही शहाणं माणूस गप्प बसलं असतं.

"ताई," मी म्हणाले, "सबनीस नाही म्हणाले नव्हते."

त्यांनी मान तिरपी केली, ऐकू आलं नाही असं दाखवण्यासाठी.

"ते म्हणाले, उद्याच आण त्यांना. सगळी कामं बाजूला ठेवतो. म्हणाले, पंधरा मिनिटांचं काम आहे, चित्राचं मी नंतर बघून घेईन. मीच तुम्हाला खोटं सांगितलं."

ताईंनी मान सरळ केली.

मग मी सगळंच सांगितलं. सबनीसांनी आदल्या आठवड्यात माझी चाचणी घेतली होती. तुम्ही आला नाहीत तर असावं हाताशी, म्हणून. टेप ऐकताना त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, मला कळलं नाही, वैजू की कुमुदताई. माझ्या बारा वर्षांच्या कामात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मला तो प्रसंग हवा होता. दवाखान्यात तुम्ही अंबाजोगाईच्या गोष्टी सांगत होतात ना, तेव्हा मी गोष्टी ऐकत नव्हते. तुमचा आवाज कुठे फाटतो, कुठे श्वास पुरत नाही, ते ऐकत होते. डॉक्टरांनी आवाज जपा म्हटलं होतं, असं मी मनाला सांगत राहिले. पण आठ दिवसांनी जो कापून टाकायचा तो जपायचा कशाला, हे मला तेव्हाही कळत होतं.

हे सांगताना माझा आवाज कुणाचा येत होता, मला सांगता येणार नाही.

ताईंनी पेन्सिल उचलली. टोक कागदावर टेकलं. मी पाहत होते. टोक तिथेच गोल गोल फिरत राहिलं आणि कागदावर एक काळा ठिपका मोठा होत गेला. मग त्यांनी पेन्सिल दोरीत अडकवली आणि वही मिटली.

म्हातारी पाणी घेऊन आली. ताईंनी दोन घोट घेतले, तिला हात जोडले. उठल्या. ओट्यावरून उतरताना मी हात पुढे केला, तर त्यांनी तो धरला. पायऱ्या उंच होत्या. गाडीत बसल्यावर त्यांनी तो सोडला.

परतीच्या बोटीवर पाण्याचे तुषार उडत होते. गळ्यातल्या छिद्रात पाणी जायला नको म्हणून मी त्यांना आतल्या बाजूला बसवलं. त्या बसल्या. अथेन्सला हॉटेलात त्यांनी नोकराला लिहून जादा उशी मागितली. विमानात शेजारच्या मुलीने विचारलं म्हणून तिला आपलं नाव लिहून दाखवलं. मला मात्र लिहून काही सांगत नव्हत्या; पाणी हवं असलं की अंगठा तोंडाकडे न्यायच्या, गोळी हवी असली की तळहात पुढे करायच्या. मी एकदा न राहवून म्हटलं, "ताई, शिव्या द्या हवं तर. पण लिहा काहीतरी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रस्त्यावर कुणी ओळख दाखवली आणि आपल्याला ते माणूस आठवत नाही, तेव्हा आपण पाहतो तसं. मग डोळे मिटून घेतले.

मुंबईहून प्रणिता त्यांना अंबाजोगाईला घेऊन गेली.

मी चार महिन्यांनी गेले. आधी गेले नाही, खरं म्हणजे धीर झाला नाही. प्रणितानेच फोन केला होता, "मावशीला भेटायचं असेल तर या आता." घर गावाच्या वरच्या अंगाला होतं. ताई खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. अंगावर काही उरलं नव्हतं, तरी केस नीट विंचरलेले. वही मांडीवर होती. ती वेगळी वही होती, जाडजूड. आधीच्या भरल्या असणार. शेजारपाजारच्या बायका येत होत्या. ताई त्यांच्यासाठी लिहीत होत्या, मग प्रणिता ते वाचून दाखवायची आणि सगळ्याजणी हसायच्या. त्यांच्या लिहिण्यावर असं हसत होते लोक.

मी दारात उभी राहिले. ताईंनी मला पाहिलं. मानेनेच बस म्हटलं. मी खाटेपासून दूर, भिंतीशी ठेवलेल्या स्टुलावर बसले. प्रवास कसा झाला, पाऊस कसा आहे, मी काहीबाही बोलत राहिले. उत्तर द्यावं असं त्यात काही नव्हतंच.

थोड्या वेळाने बायका उठल्या. ताईंनी वहीत काहीतरी लिहिलं, पान फाडलं आणि प्रणिताकडे दिलं. प्रणिताने ते सवयीने मोठ्याने वाचलं.

"वैजूला चहा कर. साखर कमी टाक, ती गोड पीत न्हाई."

मग प्रणिता माझ्याकडे पाहून हसली. "बघा, मावशीला अजून लक्षात आहे." आणि तिने तो कागद मला द्यायला हात पुढे केला.

मी घेणार होते. त्याच्या आधी ताई पुढे वाकल्या. इतकं वाकणं त्यांना जमत नव्हतं, खोकला आला, गळ्यातून शिट्टीसारखा आवाज निघाला. पण त्यांनी तो कागद प्रणिताच्या हातातून काढून घेतला, त्याची एक घडी घातली आणि आपल्या उशीखाली सरकवला.

चहा आला. साखर अगदी बेताची होती. त्यांच्यासमोर बसून मी तो सगळा प्यायले.